क्रियापदांची तपासणी

खडकी,
१४ ऑगस्ट २००३

तीर्थरूप माधवदादांस धाकट्या दिगंबरचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे, वहिनींचा मोतीबिंदू काढला का, हे विचारायचा हक्क मला चार वर्षं उरलेला नाही, तरी विचारतो. मुक्ता आणि मी, आम्ही दोघं बरी आहोत.

दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मी बाणेरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत जातो (हसू नका). त्यांना संगणकाला मराठी शिकवायचं आहे. मला क्रियापदांची यादी देतात. प्रत्येकापुढे लिहायचं, की या कामाला शेवट आहे का आणि शेवटी काही बदलतं का. ‘शोधणे’ कितीही वेळ चालतं, ‘सापडणे’ एका क्षणात होतं. दार ढकलूनही बंद राहू शकतं, उघडून बंद राहत नाही. पण तीस वर्षं तोफगोळे तपासलेला मी, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पास करायची सवय नाही. ‘दूध तापवणे’ कुठे संपतं हे पाहायला घड्याळ घेऊन गॅसपाशी उभा राहिलो. घड्याळात बघता बघता दूध उतू गेलं, आणि शेवट काय असतो ते मुक्ताने सविस्तर सांगितलं. ‘रस्ता दुरुस्त करणे’पुढे मी ‘शेवट नाही’ लिहिलं (खडकीहून बाणेरला रोज जातो). पहिल्या आठवड्यात पन्नासांपैकी एकेचाळीस क्रियापदं नापास केली. आमची साहेब शेफाली, वय तेवीस, कपाळाला हात लावून म्हणाली, “काका, रिजेक्ट नाही करायचं हो, फक्त लेबल लावायचंय!”

काल ‘माफी मागणे’ आलं. मी लिहिलं, मागितली की संपलं. शेफाली म्हणाली, “पण समोरच्यापर्यंत पोचलीच नाही तर, काका?” डबा तसाच परत आणला.

तुमच्या आनंदच्या लग्नात मी आचाऱ्याचे सिलिंडर तपासायला बसलो, शेगड्या बंद करवल्या, आणि व्याही मंडळी दीड तास रिकाम्या पानांवर बसली. तुम्ही तेव्हा एक शब्द बोलला नाहीत, आणि नंतर आजतागायत नाही. दादाची माफी मागितली, असं मी सगळ्या नात्यात सांगत आलो. मुक्तालासुद्धा. मला फार लाज वाटते.

तुमचा,
दिगंबर

ता. क. सोबत दुसरं पाकीट आहे, त्याच माफीचं. त्यावरची तारीख लग्नानंतरच्या चौथ्या दिवसाची आहे. रोज काढून तपासत होतो, मजकूर पास होईना.

ता. क. मिळालं एवढं एका कार्डावर कळवा. कंपनीसाठी नको, मला हवं आहे.

ता. क. सिलिंडर एकही गळत नव्हता. हे त्या पाकिटातल्या पत्रातही लिहिलेलं नाही.