शाफ्टवरचे आवरण

अण्णा,

विंचूरच्या तुमच्या वर्कशॉपमध्ये मागच्या भिंतीवर पत्र्याची आवरणे टांगलेली असत. ट्रॅक्टरमागे जोडायचे फवारणीचे ब्लोअर तुम्ही बनवत होतात, आणि त्यांना फिरवणारा शाफ्ट उघडा राहू नये म्हणून प्रत्येक यंत्रासाठी एक आवरण स्वतःच्या हाताने वाकवत होतात. आवरणासह यंत्र नेणारा बागाईतदार आठवड्यात परत येई. "अण्णा, ह्या शाफ्टला लुगडं कशाला नेसवलंय? दर टायमाला ग्रीस मारायला सोडत बसू का?" तुम्हीही हसत होतात. पुढे गिऱ्हाइकाची खेप वाचावी म्हणून तुम्ही आवरण न बसवताच यंत्र देऊ लागलात. त्यात कपट नव्हते, सवय होती.

अशाच एका यंत्राशेजारी, द्राक्षबागेत, औषध कालवणारी मजूर बाई टाकीचा पाइप धरायला पुढे झाली आणि फिरत्या शाफ्टने तिची बाही ओढून घेतली. उजवा हात कोपरापासून गेला. तिने तुमच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावला. मी नुकतीच सनद घेतली होती. तुमचा मुलगा मी, तुमचा वकीलही मीच झालो. तुमचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार त्या काळी पूर्णपणे तिच्यावर होता, आणि बागाईतदार स्वतः अडकण्याच्या भीतीने साक्षीला येणार नव्हता. मी कैफियतीत लिहिले की यंत्र आवरणासह दिले होते, ते वापरणाऱ्याने काढले. तुम्ही चष्मा लावून तो कागद दोनदा वाचलात. "आरं, हे तुला कोणी सांगितलं? त्याचं कव्हर तर आपल्या भिंतीवर हाय." मी म्हणालो, "सही करा. वर्कशॉप राहायला हवं ना?" तुम्ही सही केलीत. दुसऱ्या दिवशी मी ती सगळी आवरणे भंगारात घातली.

ती साक्षीच्या पिंजऱ्यात उभी आहे, पदराखाली हात झाकून. मी विचारतो, अंगात शर्ट कोणाचा होता? "मालकाचा." नवऱ्याचा, असे मी नोंदवून घेतो. तुमच्या मापाचा होता? "नाय." बाही लोंबत होती? "द्राक्षात समद्या बाया लुगड्यावर तसाच शर्ट घालत्यात, सायेब. ऊन लागतं, औषध उडतं." विचारले तेवढेच सांगा, असे मी तिला बजावतो. तिला सही येत होती. जबानीखाली तिने डावा अंगठा उमटवला.

दावा फेटाळला गेला. मी पेढे घेऊन आलो, तुम्ही पुड्याला हात लावला नाहीत. "ती बाई खोटं काय बोलली रे?" तो मुद्दा कोर्टापुढे नव्हता, असे मी उत्तर दिले. त्यानंतर तुम्ही एकही ब्लोअर बनवला नाहीत. शेवटपर्यंत खिडक्यांचे गज वाकवत राहिलात.

आता नव्या ग्राहक कायद्याने वस्तूमुळे झालेल्या इजेची जबाबदारी वेगळी मांडली आहे. रचनेत दोष असेल किंवा धोक्याची पुरेशी सूचना दिली नसेल, तर बनवणाऱ्याला जाब द्यावा लागतो. बागेतल्या बायका कोणत्या कपड्यांत काम करतात हे तुम्ही रोज पाहत होतात. आज ते पाहणेच तुमच्याविरुद्ध गेले असते. मात्र वस्तूत नंतर फेरफार झाला असेल, तर विकणाऱ्याला याही कायद्यात बचाव आहे. म्हणजे मी लिहिलेले ते एक वाक्य आजही उपयोगी पडले असते. कायदा बराच पुढे आला. त्या वाक्यासाठी त्याने जागा ठेवली आहे.

मागच्या महिन्यात गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात मी या विषयावर व्याख्यान दिले. नावे वगळून आपला दावा उदाहरण म्हणून सांगितला, आवरण कधी दिलेच नव्हते हेही सांगितले. एक तरुण वकील मुलगी उठली. "सर, त्यांच्या वकिलाला हे तेव्हा माहीत होतं का?" मी म्हणालो, "पक्षकाराने त्याला तसे सांगितले नव्हते." तिने मान डोलावली आणि वहीत टिपून घेतले. माझे खोटे मी तुमच्या माथी मारण्याची ही दुसरी वेळ.

हे पत्र कुठे पाठवता येणार नाही, हे मला लिहायला बसण्यापूर्वीच ठाऊक होते. ती बाई हयात आहे. विंचूरलाच असते, घर मला माहीत आहे. तरी पत्र मी तुम्हाला लिहिले.