नाकातलं पीठ

ता. ९ जानेवारी

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही आणि मग मी फोन आपटते, म्हणून हे पत्र. तुमचे भाऊ घेऊन येतील. त्यांना चहा द्या, पण त्यांच्याकडून काही वदवून घेऊ नका.

काल भिंगरी तुमच्या बेकरीतून घरी आली ती पांढरीफटक. तिचा घोळणा फुटला, आणि तुम्ही तिची मान मागे टाकून तिला पोत्यांवर आडवी केलीत. सगळं रक्त पोटात गेलं आणि इथे येऊन पोरीने ते चादरीवर ओकलं. आठ वर्षांची मुलगी काय भट्टीच्या धगीत बसवायची असते? दर शनिवारी घरी आली की मी चष्म्यांच्या काचा पुसायचा मऊ रुमाल ओला करते आणि तिच्या नाकातून तुमचं पीठ पुसून काढते. आता तेही नको आणि शनिवारही नको. ती तुमच्याकडे येणार नाही.

तब्येतीला जपा. राग लपवता येत नाही, तो आहे तसा पोचावा.

तुमची भावजय


ता. ११ जानेवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

आशीर्वाद हाताच्या सवयीने लिहिला गेला, फार मनावर घेऊ नकोस.

घोळणा फुटला की मान मागे टाकायची, हे मला तुझ्या सासऱ्यांनी शिकवलं. तुझ्या नवऱ्याला लहानपणी असंच निजवायचो. तो काही मेला नाही, चांगला तुझ्या हाताखाली नांदतोय. आणि माझ्या पिठाला नावं ठेवतेस? तीस वर्षं मी त्या पिठात उभी आहे, माझ्या नाकातून कधी रक्ताचा थेंब आला नाही. तुझ्या दुकानात लोक चष्मे करायला येतात, तूही एक करून घे.

शनिवारी ती येते, टेबलाशी स्टूल ओढते, कणकेची माणसं करते आणि त्यांना तुमची नावं देते. तुझा पुतळा नेहमी मोठ्या तोंडाचा असतो. बाकी सहा दिवस या घरात मला आत्या म्हणणारं कोणी नाही. हे तुला माहीत आहे, आणि नेमकं तेच तू बंद केलंस.

माया होती तेवढी ठेव, वाढवू नकोस.

ताई


ता. ३१ जानेवारी

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

उत्तर देणार नव्हते. पण तुमच्या भावाला तुम्ही फोन करून करून भंडावलंत, म्हणून लिहिते. हो, भिंगरीचा घोळणा अजून फुटतो. परवा शाळेत फुटला, वहीवर डाग पडले, मुलं हसली. तुमचं पीठ आत खोल जाऊन बसलंय, दुसरं काय! आता मी शनिवारची वाट बघत नाही. रोज संध्याकाळी तिला पुढ्यात बसवते आणि स्वच्छ पुसून काढते. रडते, पण इलाज नाही. कोणाच्या तरी हट्टापायी माझ्या पोरीला हे भोगावं लागतंय. तुम्ही यात नाक खुपसू नका.

लोभाचं पुढे बघू.

भावजय


ता. २ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

शनिवार बंद करून तीन आठवडे झाले. मग पीठ काय पोस्टाने येतं?

तुझ्या नवऱ्याला विचारलं, रक्त कुठून येतं. म्हणाला, दर वेळी डावीकडून. अगं बाई, पीठ डावी-उजवी बघून शिरतं का? मला यातलं काही कळत नाही, पण तुलाही कळत नाही हे मला कळतं. पोरीला डॉक्टरकडे ने. मला शिव्या घालायच्या तर परत येऊन घाल, मी कुठे पळून जात नाही.

तिला माझा पापा दे. तुला काही नाही.

ताई


ता. २४ फेब्रुवारी

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

नेलं. बेकरी वाईट असं त्यांच्याकडून लिहून घ्यायचं ठरवूनच गेले होते.

डॉक्टरांनी नाकात उजेड टाकून पाहिलं. डावीकडे, मधल्या पडद्यावर पुढेच जखम आहे, खपली धरते आणि रोज कोणीतरी ती उचकटतं, असं म्हणाले. नाकात बोट घालतेस का, असं त्यांनी भिंगरीला विचारलं. तिने ठणकावून सांगितलं, की ती नाही घालत, आई रुमाल घालते. डॉक्टर माझ्या हाताकडे बघत राहिले. मी समोर बसून उजव्या हाताने पुसते, ताई. जोर सगळा तिच्या डावीकडे जातो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन आठवडे नुसतं मलम लावतेय, एकदाही फुटला नाही. पुन्हा फुटलाच तर बसवायचं, पुढे वाकवायचं, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत घट्ट धरायचा आणि मध्येच सोडून बघायचं नाही. तरीही थांबलं नाही तर थेट दवाखाना. मान मागे टाकणं साफ चूक. हे दोनदा वाचा. भट्टीच्या धगीने नाक कोरडं पडतं, हेही ते म्हणाले, आणि तेवढं मी मुद्दाम लिहितेय.

शनिवारी भिंगरी येईल. मलम पिशवीत आहे. तिला धगीपासून लांब बसवा. माझा राग गेलेला नाही, कोणावरचा ते विचारू नका.

भावजय


ता. २६ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

भिंगरीबरोबरच चिठ्ठी देतेय. स्टूल दाराशी नेलं, मलम लावलं, घोळणा फुटला नाही. तुझा पुतळा तिने आज लहान तोंडाचा केला. मी सांगितलं नव्हतं.

निघताना तिच्या नाकाच्या शेंड्याला पीठ लागलं होतं. माझा हात पुढे झाला होता, पण पुसलं नाही. तसंच पाठवते. तूच पूस, पण नुसतं वरवर.

ताई