साडेनऊ तास आणि एक खुर्ची

३ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. मी बोलते, फोन लिहून घेतो. मला वाचता येत नाही, त्यामुळे ही माझ्यापासूनसुद्धा खासगी.
कारण लेकीचं बाळंतपण. मार्चअखेर, परदेशात. पहिलटकरीण. आई, तू ये म्हणाली. येते म्हटलं. मुलाला विचारलं, विमान कधी निघतं, कधी पोचतं? सकाळी आठला निघून दुपारी एकला. म्हणजे पाच तास. एवढी तर मी दवाखान्यात नंबर लागेपर्यंत बसते.

५ फेब्रुवारी
सराव सुरू. जेवणाच्या टेबलाची खुर्ची, भिंत आणि कपाटाच्या मध्ये, पुढ्यात टेबल. पोटाला आमच्या ह्यांचा पट्टा. हे म्हणाले, टेबल सोड, विमान तुला चालवायचं नाहीये. मी थंडीमुळे धरलं होतं.
चाळीस मिनिटं. गुडघा कुरकुरला म्हणून उठले. भीतीचा प्रश्नच नाही.

११ फेब्रुवारी
एक तास दहा. दूध उतू गेलं, नाहीतर पाचही झाले असते. दुधाजवळ हे उभे होते, म्हणूनच उठावं लागलं.

१९ फेब्रुवारी
घात झाला. तिथलं घड्याळ म्हणे साडेचार तास मागे. म्हणजे प्रवास साडेनऊ तासांचा! अंतर सहा हजार आठशे किलोमीटर. मुलगा म्हणाला, तू वेळ विचारलीस, मी वेळ सांगितली. वकील व्हायचा हा, उगाच बँकेत गेला.
तिकीट दहा मार्चचं. उद्यापासून दुप्पट सराव.

२ मार्च
गुडघ्याला विश्रांती. खुर्चीवर इस्त्रीचे कपडे.

८ मार्च
तिकीट चोवीसवर ढकललं. कुंड्यांना पाणी कोण घालणार? हे म्हणाले, मी घालतो. म्हणून तर काळजी.
लेकीला कळवलं. बरं म्हणाली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

२१ मार्च
नात झाली. अडीच किलो. कळा अकरा तास. हात धरायला शेजारीण होती.
अकरा म्हणजे साडेनऊपेक्षा दीड जास्त.
ह्यांनी खुर्चीवरचे कपडे उचलले. चेष्टा केली नाही. करायला हवी होती.

१५ जुलै
लेक आली नातीला घेऊन. चार महिन्यांचं पोर, साडेनऊ तासांत एकदाही रडलं नाही. माझ्या मांडीवर आल्यावर रडलं. हे म्हणाले, हिला पट्टा बांध.
ठरलं. पोचवायला मीच जाणार. लेक शेजारी बसेल. तिकीट काढलं.

२ ऑगस्ट
गुडघा. ऐन वेळी.
पहाटे फाटकातूनच निरोप दिला. लेक म्हणाली, आई, असू दे गं.
आठ वाजता खुर्चीत बसले, पट्टा बांधून. त्या दोघी वर, मी इथे. चहा आला, नको म्हटलं. दूध उतू गेलं, जाऊ दिलं. साडेपाचला फोन आला, पोचलो म्हणून. साडेनऊ तास! एकदाही उठले नाही.
हे म्हणाले, उतर आता.
उतरले. बघते तर घरच.