बारकी फ्रेम

१२ जून
आज सव्वाअकराला उर्वशीनं काउंटरवर यवतमाळच्या डॉक्टरांचा कागद ठेवला आणि सगळं फिरलं. तिच्या धाकट्या बहिणीचा, वैष्णवीचा नंबर — मायनस सातचा साडेआठ! सहा महिन्यांत! आठ वर्षांची पोर!

आणि चष्मा साधा नाही. नंबर पळू नये म्हणून खास लेन्स, डिसेंबरात मीच बसवून दिलेली. दिवसभर घालायचा, एवढंच पथ्य.

"शाळेत काढून ठेवतं ना तू?" उर्वशी तिच्यावर ओरडली.

"नाही वं ताई! झोपतानाच!"

डॉक्टरही म्हणाले म्हणे, घालत नसेल. मी मध्ये उडी मारली — "खोटारडी!" उर्वशीनं माझ्याकडं पाहिलं. बरं वाटलं. जिच्यासाठी पुसदचं कॉलेज सेकंड इयरला सोडून दिग्रसच्या या चष्म्याच्या दुकानात बसलो, तिनं पाहिलं तर वाटणारच!

१३ जून
पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला दिसलं होतं.

१५ जून
पोरगी खरंच बोलत होती.

महागावच्या एका मुलासाठी तीच खास लेन्स आली. न कापलेली, गोल. सहज उन्हात धरली. मधोमध स्वच्छ, आणि भोवताली भगर सांडावी तसे बारीक ठिपके, गोल गोल रांगांत. सोबतच्या कागदावर लिहिलंय, हे ठिपकेच नंबर रोखतात. उंच फ्रेम घ्या, ठिपके कापू नका. डिसेंबरात तो कागद मी उलगडलाही नव्हता!

वैष्णवीचा चष्मा स्क्रू कसायला आलेला. तोही उन्हात धरला. कडेला थोडे ठिपके. वर-खाली काहीच नाही!

फ्रेमच्या मापात बसवताना मीच घासून टाकले!!

आमच्या दुकानाची रीतच ती — जाड नंबर, पोरगी असली की फ्रेम बारकी. जाड कड घासली जाते, चेहरा चांगला दिसतो. तेव्हा उर्वशी म्हणाली होती, "जाड दिसू नको देऊ बाप्पा, पोरी चिडवतात." मी सगळ्यात बारकी, जांभळी फ्रेम काढली. ती हसली. त्या हसण्यावर मी तीन पानं लिहिली होती!

१६ जून
मालकांना, किसनरावकाकांना सांगितलं.

"चूप बस! पोरगी घालत नसंल. डॉक्टर बी तेच म्हणून राह्यले, तू कायले मधात तोंड घालतं?"

"काका, पोरीचे डोळे आहेत!"

"जाय मंग, सांग! जावई व्हायला निघाला होता ना?"

स्टूल लाथाडलं. पण गेलो नाही.

१८ जून
उर्वशी आली होती. "तू बोलला ते बरं झालं. आता चष्म्याले मागून इलॅस्टिक बांधलं, काढू म्हटलं तरी निघत नाही. रविवारी जेवायला ये, आईनं सांगितलं."

वर्षभर या एका वाक्याची वाट पाहिली. "येतो," म्हणालो. एवढंच! थू माझ्यावर!

२१ जून
ताट वाढून झालं होतं. त्यांच्या आईनं, शकुबाईंनी वैष्णवीला पुढं ढकललं. ती खाली बघत म्हणाली, "दादा, मी खोटं बोलली. मी शाळेत काढत होती."

काढत नव्हती ती! आम्ही सगळ्यांनी मिळून कबूल करायला लावलं!

उभा राहिलो. ठिपके, फ्रेम, न वाचलेला कागद — सगळं सांगितलं. उद्याच यवतमाळला जाऊन डॉक्टरांना हा चष्मा दाखवा म्हणालो. उर्वशी वैष्णवीच्या डोक्यामागचं इलॅस्टिक सोडायला लागली, तिला गाठच सुटेना.

मी बाहेर आलो. दार ओढून घेतलं.