बिनचष्म्याचा घड्याळजी

तीर्थस्वरूप दादांना धाकट्याचा नमस्कार. तुमचा गुडघा आणि वहिनींचा राग, दोन्ही आता उतरले असतील अशी आशा. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. अक्षर बघून दचकू नका. मी सांगतोय आणि तुमची भावजय लिहितेय. (कंसातलं ते माझं. यांना जवळचं वाचता येत नाही, त्यामुळे बिनधास्त लिहिते.)

लेझर करू का, आणि केलं तर कुठलं, असं तुम्ही विचारलंत. प्रकार पुष्कळ आहेत. एकात बुबुळावरचा पापुद्रा उचलतात, लेझर मारतात आणि पापुद्रा परत झाकतात. दुसऱ्यात पापुद्र्याची भानगड नाही, वरची साल खरवडतात. पण भरून यायला वेळ लागतो. तिसऱ्यात बारीकशा चिरेतून काम उरकतात. शिवाय एक डोळा लांबचा आणि एक जवळचा ठेवायचीही सोय असते. डॉक्टरीणबाईंनी मला तेच सुचवलं होतं, कारण वय पन्नाशीला आलेलं. मी ऐटीत म्हणालो, "बाई, जवळचं काम मी चष्म्याशिवायच करतो. तुम्ही लांबचं तेवढं बघा." (शेजारी बसून मीही मान डोलावली. माझंही चुकलंच.)

दादा, जन्मभर घड्याळ पुढ्यात आलं की मी चष्मा कपाळावर सरकवायचो आणि केसाएवढी स्प्रिंग लख्ख दिसायची. ती आपली कला, असं मी समजत होतो. ती लांबचं पुसून जवळचं दाखवणाऱ्या त्या उणे नंबरची कृपा होती! नंबर गेला तो कसब घेऊनच गेला. भिंग लावून पाहिलं, तर चिमटा एकीकडे आणि स्क्रू दुसरीकडे. जवळचा चष्मा मिळतो म्हणे. पण चष्मा घालवायला गेलो आणि चष्मा घेऊन आलो, हे गल्लीत कोणत्या तोंडाने सांगू?

लांबचं मात्र झकास दिसतं. समोरचा शिंपी रोज सकाळी हात वर करून मला नमस्कार करतो, असं कपाळावरच्या चष्म्यामुळे इतकी वर्षं वाटायचं. मीही उलट हात हलवायचो. तो बिचारा उजेडात सुईत दोरा ओवत असतो. (त्याला वाटायचं, हे माशा हाकलतात.) आता दिवसभर बसून त्याचं दुकान चालताना बघतो. फार वाईट वाटतं, दादा. दुसरं काही येत नाही मला. गिऱ्हाइकाला "उद्या या" म्हणताना मान वर होत नाही.

सध्या ही शेजारी बसते. मी सांगतो, ही स्क्रू फिरवते आणि पाडते. हिचा नंबर माझा होता तेवढाच. माझ्या मागोमाग हिचंही लेझर ठरलं होतं, पण ऐन वेळी घाबरली. तात्पर्य, तुम्ही या फंदात पडू नका.

तुमचा,
धाकटा

ता. क. : तुम्ही बस चालवता, तुम्हाला लांबचंच लागतं, हे आत्ता ध्यानात आलं. डॉक्टरांना आपला धंदा नीट सांगा आणि खुशाल करून घ्या. वरचं सगळं रद्द.

आणखी एक ता. क. (हे जेवायला उठलेत) : भाऊजी, मी घाबरले नव्हते. हा चष्मा मला लग्नाआधीपासून नको होता. पण दोघांचेही नंबर गेले तर घड्याळं कोण उघडणार? म्हणून मीच डॉक्टरीणबाईंना नको असं कळवलं. यांना समजलं तर हे स्वतःला माफ करायचे नाहीत. तेव्हा उलट टपाली मला भित्री म्हणून चांगली भरपूर चिडवा. पत्र वाचून दाखवायचं मलाच आहे, पण तुमच्यासारखं चिडवणं मला मनाने रचता येणार नाही.