कुलदैवत जुळलं म्हणून

६ जाने., मंगळ.
हे शेअरच्या ॲपमधून पैसे काढायला गेले तर ते म्हणतं, आधी टॅक्स भरा. ह्यांनी मला बोलावून दाखवलं, जसं काही बक्षीसच लागलंय. म्हटलं, अहो, टॅक्स मिळालेल्यातून कापतात, असा आधी खिशातून मागत नाहीत. बँकेत जन्म काढलेल्या माणसाला हे मी सांगायचं? तर म्हणे, "तुला शेअरमधलं काय कळतं?"
बरं.

७ जाने.
ह्यांना ह्या ॲपवर पैसे लावायला लावणारा तो अमोल. कधी पाहिलेला नाही, फक्त फोनवर. पुण्याहून बोलतो म्हणे. पहिल्याच फोनला ह्यांनी त्याची उलटतपासणी घेतली होती: मूळ गाव, आजोळ, कुलदैवत. मी शेजारी मेथी निवडत होते. तो म्हणाला, "काका, तुमचं कोणतं?" ह्यांनी सांगितलं. "अरे वा, आमचंही तेच!" झालं, ह्यांनी मान डोलावली. कंपनीची सरकारदरबारी नोंदणी आहे का, एकदाही विचारलं नाही. बँकेत सही जरा हलली तर लोकांचे चेक परत करायचे! आम्ही इथे परमुलखात राहणारे मराठी सगळे असेच. कोणी फोनवर स्वच्छ मराठी बोललं की पाट मांडतो.

९ जाने.
टॅक्स भरला. मला न सांगता. संध्याकाळी अमोलच्या शेअरच्या ग्रुपमधून ह्यांना काढून टाकलं, त्याचा फोन बंद. रिटायरमेंटचं होतं नव्हतं सगळं गेलं. दोघंही जेवलो नाही. मला कीव यायला हवी, येत नाही. राग येतोय.

१० जाने.
सायबर सेल. तक्रार लिहून घेणारा हवालदार सज्जन होता, पण विचारलंच: "अंकल, आप तो बैंक में थे ना?" मग म्हणाला, "उसी वक्त आ जाते तो शायद रुक जाता." येताना ऑटोत टावर चौकापाशी म्हणाले, "आपल्या मराठी मंडळात कुणाला कळता कामा नये."
मंडळात दिवाळीला मोबाइल फिरवून फिरवून दुप्पट झालेले पैसे कोणी दाखवले होते? सुंभ जळलं तरी पीळ जात नाही.

१२ जाने.
नलूचा फोन. माझी धाकटी जाऊ; दीर गेल्यापासून फ्रीगंजला एकटी. त्यांच्या मागे रेल्वेतून मिळालेले पैसे तेवढेच तिच्याकडे. "वहिनी, पुढच्या सोमवारी एफडी तोडते आहे. दादांनी दिवाळीत त्या शेअरवाल्यांचा नंबर दिला होता ना, त्यांच्याकडची पूजा म्हणून मुलगी बोलते आता. इतकी गोड! आणि कुलदैवत आपलंच निघालं."
म्हटलं, थांब जरा, फसवणूक असते. "दादांचे तर दुप्पट झाले!" हे समोर बसून हातानं, सांगू नको, सांगू नको, करत होते. आणि मी गप्प बसले. नवऱ्याची अब्रू!

१६ जाने.
आमच्याकडे हळदीकुंकू. सगळ्या गेल्यावर नलूला आत नेऊन स्पष्ट सांगितलं, दादांचेच पैसे बुडाले. तिनं हातातला तिळगूळ ताटात परत ठेवला. "परवापर्यंत दुप्पट होते, आज बुडाले? मी उसने मागू नये म्हणून ना?" मग म्हणे, "दादांनी स्वतः सांगावं, मग मानीन." हे बाहेरच्या खोलीत होते. सगळं ऐकू जात होतं. उठले नाहीत.

१८ जाने., रवि.
नलू माझा फोन उचलत नाही. ह्यांना म्हटलं, पुढच्यास ठेच मागचा शहाणा म्हणतात, पण पुढच्यानं ठेचच लपवली तर मागच्यानं काय करायचं? तिच्याकडे दुसरं काही नाही हो.
"ती मला दादा म्हणते," एवढंच बोलले. म्हटलं, म्हणूनच तर तुम्ही सांगायचं.
पस्तीस वर्षांत पहिल्यांदा ह्यांचं ताट वाढलं नाही. स्वतः घेऊन जेवले.

१९ जाने., सोम.
सकाळी न बोलता अंघोळ, इस्त्रीचा शर्ट, पोलिसातल्या तक्रारीची झेरॉक्स खिशात. "येऊ का मी?" "नको." नलूची बँक उघडायची वेळ होत आली. जिना उतरून गेले त्याला बराच वेळ झाला. खिडकीतून बघतेय. स्कूटरवर बसलेत, चावी हातातच आहे.