जप्त केलेली कादंबरी

मंगळवार, नवीन जालना

आज कशातच मन लागत न्हाई. चार दिवसांपूर्वी वाटूरच्या शाळेत गणिताच्या तासाला नववीतल्या रेश्माकडून एक कादंबरी जप्त केली होती. राजघराणं, जादू, झाडांशी बोलणारी राजकन्या. घरी सहज चाळायला घेतली अन् मीच अडकले. चाळिशीत असं व्हावं? भाजी करपली तरी उठले न्हाई. दुसऱ्याच दिवशी परत द्यायची होती. संपवून देऊ म्हणून उशाशीच ठेवली.

आज दुपारी रेश्मा वडिलांसोबत ऑफिसात उभी. दाखला न्यायला आल्ते. तिची आई वारल्यापासून धाकट्या दोघांचं तीच बघते.

"सुरतेला काम भेटलं, मॅडम," वडील म्हणाले. "आजच निघून राह्यलो."

"अन् हिची शाळा?"

"बघू तिकडं."

पुस्तक इथं, माझ्या उशाशी. तिला बाजूला घेतलं. "पुस्तक घरी राहिलं गं. पत्ता दे, पाठवते."

"पत्ता अजून न्हाई, मॅडम. तुमी वाचलं का?"

"वाचलं."

"मंग ती राणी झाली का?"

शेवटची तीस पानं राहिली होती. तरी म्हणाले, "झाली."

"बरं झालं," म्हणाली अन् वडिलांच्या मागं गेली.

घरी आल्याबरोबर ती पानं वाचली. ती राणी होत न्हाई. सगळं सोडून एकटीच निघून जाते. रेश्माचा पत्ता असता, तर हे तिला कळवलं असतं का मी?